खणखणीत की बद्द?

मुलांनो, उन्हाळ्यात आजीबरोबर माठ आणायला कधी बाजारात गेला आहात का? गेला असाल तर एक गंमत नक्की पाहिली असेल. आजी माठाचा रंग बघत नाही, नक्षी बघत नाही. ती माठ एका हातावर तोलून धरते आणि दुसऱ्या हातानं टिचकी मारते. टण्! असा खणखणीत आवाज आला की माठ पक्का. बद्द आवाज आला की माठ परत जागेवर. मग विकणारा कितीही म्हणो, "आजी, एकदम फर्स्ट क्लास माल आहे," आजी काही ऐकायची नाही. कुठंतरी बारीक तडा आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण कानांना कळतो.

आज मी तुम्हांला अशाच टिचक्यांची गोष्ट सांगणार आहे. पण माठाची नाही, होडीची. आणि बरं का, या गोष्टीत तुमच्या बाईंनी एक लबाडी केली आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी ती सांगून टाकली, मग तुमच्यापासून काय लपवायचं!

आमचं घर दाभोळच्या खाडीकाठी. वाशिष्ठी नदी इथंच समुद्राला मिळते. २००३ साली इथं दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. आता मोटारी, ट्रक, एस.टी.सुद्धा त्या बोटीवर चढून आरामात पलीकडे जातात. त्याच्या आधी माणसं लाँचनं खाडी ओलांडायची. माझे बाबा अशा लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. दिवसभर खाली इंजिनाजवळ बसायचं, वरून घंटा वाजली की पुढं, दोनदा वाजली की मागं. सगळी खाडी त्यांनी पार केली ती बहुतेक न बघताच!

१९९८ साली बाबांनी एक जुनी होडी विकत घेतली. फायबरची, २२ फूट लांब, पुढच्या बाजूला छोटीशी केबिन. केबिनमध्ये समोरासमोर दोन बाकं आणि दोन्ही बाजूंना एकेक गोल खिडकी. मी तेव्हा १० वर्षांची होते. त्या गोल खिडकीला नाक लावून बसायला मिळावं म्हणून मी आणि माझा भाऊ किती भांडलो असू! होडी बांधलेली १९८७ साली, म्हणजे माझ्याहून एका वर्षानं मोठी. आई तिला 'तुझी थोरली' म्हणायची. तेच नाव पडलं. थोरली.

३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या दापोली तालुक्यात त्या दिवशी किती झाडं पडली, किती घरांचे पत्रे उडाले, ते इथं सांगत बसत नाही. आमच्याकडं एक माड पडला तो नेमका थोरलीच्या केबिनवर. छताला हे एवढं भगदाड! थोरली तशीच उंडीच्या झाडाखाली पडून राहिली. चार पावसाळे तिच्यात पाणी पडलं. कोंबड्यांनी आत अंडी घातली. भाऊ मुंबईहून आला की म्हणायचा, "बाबा, भंगारवाल्याला देऊन टाका." बाबा ऐकलं न ऐकल्यासारखं करायचे.

मग २०२४ च्या मे महिन्यात माझ्या शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी बाबा म्हणाले, "यंदा थोरलीला उभी करूया." बाबांचं वय तेव्हा ७६.

आता तुम्ही विचाराल, फायबर म्हणजे नक्की काय? माझ्या वर्गातल्या एका मुलानं तर विचारलंच, "बाई, त्यात काच असते म्हणता, मग होडी फुटत कशी नाही?" प्रश्न अगदी बरोबर आहे. खिडकीची काच फुटते. पण तीच काच वितळवून तिचे केसाहून बारीक धागे ओढले तर ते धागे वाकतात आणि ओढून सहजासहजी तुटत नाहीत. त्या धाग्यांची चटई करायची आणि ती रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवायची. रेझिन घट्ट झालं की धागे आत पक्के बसतात. तुम्ही फुग्यावर कागदाचे कपटे खळीनं चिकटवून मुखवटा केला असेल ना? एकेक कपटा किती लेचापेचा, पण पाच-सहा थर वाळले की मुखवटा कसा कडक होतो! तसंच हे. कागदाच्या जागी काच, खळीच्या जागी रेझिन. अमेरिकेत १९४० च्या दशकात अशा होड्या बनू लागल्या.

आणखी एक गंमत. लाकडी होडी आधी सांगाडा, मग फळ्या अशी बांधत नेतात. फायबरची होडी मात्र मोदकासारखी साच्यात होते! साच्यात मोदक करताना आधी बाहेरची पारी साच्याला चिकटवतो आणि सारण शेवटी भरतो, हो ना? तसंच होडीच्या साच्यात सगळ्यांत आधी बाहेरचा चकचकीत रंगीत थर देतात, मग त्याच्या आत चटयांचे थर. सगळं वाळलं की साच्यातून अख्खी होडी बाहेर! तिला सांधा नाही, म्हणून फटीत कापूस ठोकत बसायला नको. केबिन वेगळ्या साच्यात करतात आणि डब्याचं झाकण बसवावं तशी वरून बसवतात.

पण काही ठिकाणी फायबरच्या पोटात लाकूड असतं. जिथं इंजिन बसतं तिथं दोन जाड लाकडी तुळया ठेवून त्यांच्यावरून फायबर चढवलेलं असतं. त्याला इंजिनाचं बेड म्हणतात. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरलं तर हे लाकूड कुजतं. वरून फायबरचं कवच, त्यामुळं आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. ओला रुमाल प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून आठवडाभर विसरलात तर काय होतं? तेच. आणि बाहेरून बघाल तर होडी कशी छान दिसते!

म्हणून टिचकी.

बाबांनी एक जुनं, जाड रुपयाचं नाणं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "तू ठोक. तू ऐक. बद्द वाजेल तिथं फुली मार." फुलीसाठी खडू मी शाळेतून आणलाच होता! मग काय, टक टक टक. एकेक वीत पुढं सरकत साऱ्या होडीभर ठोकत जायचं. जिथं थर एकमेकांना घट्ट धरून आहेत तिथं आवाज मोकळा येतो. जिथं थर सुटले आहेत किंवा आतलं लाकूड भिजलंय तिथं आवाज दबून जातो. मोठ्या बोटी तपासणारे सर्व्हेयरसुद्धा लहानशा हातोडीनं असंच ठोकून बघतात.

मला वाटलं, बाबा मला शिकवताहेत. मनात जरा हसूही आलं. रोज चाळीस मुलांना शिकवणारी मी, आणि इथं पहिलीत बसले होते.

पहिल्या दोन दिवसांत १७ फुल्या झाल्या. सगळ्यांत आधी छत घेतलं. फुटलेल्या भागाच्या कडा ग्राइंडरनं तासून उतरत्या करायच्या. किती उतरत्या? जाडीच्या साधारण बारा पट. म्हणजे ५ मिलिमीटर जाडी असेल तर ६ सेंटिमीटरचा उतार. नव्या चटईला जुन्याला धरायला तेवढी जागा हवी, नाहीतर ठिगळ खपलीसारखं निघून येतं. या तासण्यात जी पांढरी भुकटी उडते ती काचेची असते. तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल, हातांत मोजे, बाबांचा जुना फुल शर्ट असा सगळा थाट करूनही मला रात्रभर खाज सुटली. आईनं ते कपडे घरच्या कपड्यांत भिजवूच दिले नाहीत.

आणि रेझिन! ते घट्ट व्हावं म्हणून त्यात आधी जांभळं कोबाल्ट मिसळायचं, नीट ढवळायचं आणि मग पाण्यासारखं दिसणारं हार्डनर. १ किलो रेझिनला प्रत्येकी १० ते २० मिलिलिटर, उन्हाळ्यात त्यातही कमी. ही दोन द्रव्यं थेट एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत, भडका उडू शकतो. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. तेव्हा मुलांनो, हे काम पाहायचंसुद्धा लांबूनच. मी तर मोठी असून पहिल्याच दिवशी घोळ घातला. मगमध्ये भरपूर रेझिन एकदम कालवलं आणि चटई कापत बसले. पाच मिनिटांत मगमधून धूर! घट्ट होताना रेझिन तापतं. पसरट भांड्यात पातळ असेल तर उष्णता निघून जाते, खोल मगमध्ये ती कोंडते आणि रेझिन आणखीच तापतं. मगचा पार लोळागोळा झाला. बाबा हसले नाहीत. त्यांनी फक्त ताट पुढं सरकवलं. (ताट आईचं होतं. त्यावर घरात वेगळं प्रकरण झालं.)

तर आता ती लबाडी.

मे महिन्याची २३ तारीख. दुपारची वेळ. छत झालं होतं, बसायच्या बाकांखालचं झालं होतं. ठोकायचं राहिलं होतं फक्त इंजिनाचं बेड. इंजिन आम्ही आधीच काढून दुरुस्तीला दिलं होतं. मी आत वाकून उजव्या तुळईवर ठोकत गेले. खणखणीत. डाव्या तुळईवर ठोकत गेले. खणखणीत, खणखणीत, आणि अगदी मागच्या टोकाला, बद्द.

मी परत ठोकलं. बद्दच.

कपाळावरून घाम गळत होता. पाठ भरून आली होती. इथं फुली मारली म्हणजे तुळई कापायची, आतलं लाकूड काढायचं, वाळवायचं, नवं लाकूड, नव्या चटया. म्हणजे पाच-सहा दिवस. आणि पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन ठेपणार. पाऊस आला, हवा दमट झाली की फायबरचं काम नीट होत नाही.

"काय गो?" बाहेरून बाबांनी विचारलं.

"छान वाजतंय," मी म्हटलं. आणि खडू खिशात ठेवला.

बाबांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः त्या बेडवर करड्या रंगाचा हात दिला. थरथरत्या हातानं, पण एक ओघळ म्हणून येऊ दिला नाही. मी बघत होते.

मला वाटलं होतं की विसरून जाईन. पण छे! वर्गात कुणी पाढा चुकला की मी नेहमी म्हणते, "चुकलं तर चुकलं, पण येतं म्हणून खोटं सांगू नकोस." ते माझंच वाक्य माझ्या डोक्यात वाजायला लागलं. त्यात एक गोष्ट उशिरानं माझ्या लक्षात आली. त्या चार दिवसांत बाबा मला तीनदा म्हणाले होते की पावशा काही यंदा ओरडत नाही. आणि पावशा तर रोज पहाटे आमच्या मागच्या आंब्यावर 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' करून जीव खात होता! म्हणजे बाबांना तो ऐकूच येत नव्हता. वर्षानुवर्षं डिझेल इंजिनाच्या धडधडीशेजारी बसून त्यांचे कान गेले होते. मोठ्या आवाजानं आधी बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात. बाकीचं बोलणं कळतं, म्हणून माणसाच्या स्वतःच्याही लवकर ध्यानात येत नाही. (पालकांनो, घरातले आजोबा 'सगळे पुटपुटता' म्हणून चिडत असतील तर त्यांच्यावर उलट चिडू नका. कान तपासून घ्या.)

म्हणजे नाणं त्यांनी मला शिकवण्यासाठी दिलं नव्हतं. खणखणीत आणि बद्द यांतला फरक त्यांना आता कळत नव्हता.

२७ तारखेला सकाळी चहा पिताना मी सांगितलं, "बाबा, डाव्या बेडच्या मागच्या टोकाला बद्द वाजतं. मी त्या दिवशी खोटं बोलले."

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कान माझे गेले," ते म्हणाले, "म्हणून तुझे उसने घेतले होते गो."

एवढंच. आणि उठून गेले. जेवायच्या वेळेपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही. आई एकदा त्यांच्याकडं बघे, एकदा माझ्याकडं. दुपारी मी होडीपाशी गेले तर बाबा आत बसलेले, ग्राइंडर शेजारी. म्हणाले, "फुली मार."

मी मारली. १८ वी.

कवच कापल्याबरोबर आतून पाणी आलं. चार वर्षांपूर्वी पडलेलं का त्याच्याही आधीचं, देव जाणे! भर मे महिन्यात, एवढ्या उन्हात, आतलं लाकूड ओलंच्या ओलं. चहाचा चोथा असतो ना गाळणीतला, तसं काळं, हातानं उपसता येईल असं. माझ्या अंदाजानं वीतभर असेल. निघालं तीन फूट. यावर इंजिनाचे बोल्ट आवळले असते आणि भर खाडीत ते ढिले झाले असते तर? इंजिन हललं की पंख्याकडं जाणारा दांडा वाकडा फिरू लागतो, आणि जिथून तो दांडा होडीबाहेर जातो तिथून पाणी आत. बाबांनी हे काही बोलून दाखवलं नाही. त्यांनी ते काळं लाकूड मूठभर उचललं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि पिळलं. पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं.

मग आम्ही दोघं भुतासारखे कामाला लागलो. दोन दिवस पोकळी उन्हात उघडी ठेवून वाळवली. सागाची तुळई घासून बसवली. तिच्या सगळ्या बाजूंना, अगदी बोल्टच्या भोकांच्या आतूनसुद्धा रेझिन पाजलं. पाण्याला वाटच ठेवायची नाही! वरून चटयांचे सहा थर. रोलर फिरवून एकेक बुडबुडा दाबून काढायचा, कारण बुडबुडा राहिला की तिथं पुन्हा बद्द. हे काम बाबांचं. आवाज ऐकू येत नसला तरी बोटांना बुडबुडा कळत होता. मला जो दिसायचा नाही तो ते मोज्यावरून नेमका दाबायचे.

४ जूनला शेवटचा थर वाळला. बाबांनी नाणं पुढं केलं. मी डाव्या तुळईवर टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेले. तीनदा. बाबा माझ्या तोंडाकडं बघत होते, नाण्याकडं नव्हे. दोन-तीन दिवसांत पाऊस आला.

पावसाळ्यात खाडीत होडी घालायची नसते. १९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा झाली आणि त्यानंतरच्या रविवारी भरती बघून थोरलीला पाण्यात लोटली. खाली माडाचे ओंडके घातले, वाडीतली बारा-पंधरा माणसं दोराला लागली. भाऊही आला होता. गोल खिडकीला नाक लावून पहिला तोच बसला, एवढा बाप्या झाला तरी!

बाबांनी इंजिन सुरू केलं. मग ते सुकाणूपाशी गेले नाहीत. तिथं त्यांनी भावाला बसवलं. स्वतः खाली, आपल्या नेहमीच्या जागी, इंजिनाशेजारी बसले आणि डाव्या बेडवर तळहात ठेवला. थोडा वेळ डोळे मिटून तसेच बसले. मग माझ्याकडं बघून हातानंच विचारलं, काय म्हणतं?

मी फळी उचलून खाली वाकले. इंजिनाची धडधड, पाण्याची सळसळ, आणि त्यांतून आणखी काहीतरी. टप्. जरा वेळानं पुन्हा, टप्. माझ्या पोटात गोळा आला. एवढं सगळं करून गळतीच? क्षणभर वाटलं, घाटावर परत गेल्यावर सांगावं.

"बाबा," मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "दांडा बाहेर जातो ना, तिथून थेंब पडतोय!"

बाबा हसायला लागले. किती दिवसांनी! "पडायलाच हवा," ते म्हणाले. "दांडा फिरतो तिथं ग्रीस लावलेली दोरी भरलेली असते. थेंब पडला नाही तर ती तापून जळेल. मिनिटाला किती पडतात, मोज."

मी घड्याळ बघत मोजायला लागले. बाबा माझ्या ओठांकडं बघत थांबले होते.

"चार!" मी ओरडले.